पट दगडात, खेळ माणसांत

(चिंचवड येथे झालेल्या व्याख्यानाचं हे शब्दांकन. वक्त्या पिंपरी-चिंचवड आणि चाकण परिसरातल्या कारखान्यांमध्ये टूलरूम आणि मापन विभागात वीसहून अधिक वर्षं काम करत आहेत. बोलण्याचा बाज शक्यतो तसाच ठेवला आहे.)

बाहेर पाऊस आहे, उद्या बऱ्याच जणांची पहिली शिफ्ट आहे, आणि तरी तुम्ही आलात, त्याबद्दल आधी आभार मानते. आजचा विषय आहे जुने बैठे खेळ आणि ते संगणकावर कसे जपायचे. पण सुरुवात मी देवळापासून किंवा लेण्यांपासून करणार नाही, आपल्या कामापासून करते.

भोसरीत किंवा चाकणला ज्यांनी टूलरूममध्ये काम केलंय त्यांना हे माहीत आहे. वीस-तीस वर्षं जुन्या मशीनचा एखादा भाग तुटतो. ड्रॉइंग सापडत नाही. बनवणारी कंपनी केव्हाच बंद झालेली. मग तो भाग आपल्याकडे येतो आणि सांगतात, ‘मॅडम, असाच दुसरा करून द्या.’ आपण तो स्कॅन करतो, मॉडेल बनवतो, मशीनवर काढतो. नोकरीच्या सुरुवातीला मी असा एक भाग केला होता. माप तंतोतंत होतं, मायक्रॉनमध्ये. बसवला, आणि मशीन चालेना. जुना भाग एका बाजूला घासून झिजला होता, आणि मी ती झीजसुद्धा इमानदारीने कॉपी केली होती! (हशा) एका वयस्क फिटरने तो हातात घेतला, अंगठा फिरवला आणि म्हणाले, ‘इथं कॅम घासतो. एवढं मटेरियल वाढवा.’ मशीन सुरू झालं.

त्या दिवशी मी जे शिकले तेच आज सांगायचंय. स्कॅन केल्यावर वस्तूचा आकार मिळतो. ती वापरली कशी जायची हे काही अंशी झीज सांगते. बाकीचं माणूस सांगतो. जुन्या खेळांचंही अगदी असंच आहे.

दगडावर काय दिसतं?

आपल्याकडे लेण्यांचे ओटे, देवळांची जोती, घाटाच्या पायऱ्या, गडावरचे कातळ इथे नीट बघितलं तर कोरलेले पट दिसतात. ढोबळमानाने तीन प्रकार लक्षात ठेवा.

पहिला, नवकंकरी. एकात एक तीन चौकोन, आणि बाजूंचे मध्य जोडणाऱ्या रेषा. काही ठिकाणी कोपरेही जोडलेले असतात. मोजलं तर चोवीस बिंदू भरतात. दोघं खेळतात, प्रत्येकाकडे नऊ खडे. तीन खडे एका रेषेत आले की समोरच्याचा एक उचलायचा. हा पट युरोपातही सापडतो आणि आपल्याकडेही.

दुसरा, वाघ-बकरी. इथे दोन्ही बाजू सारख्या नाहीत. एकाकडे थोडे वाघ, दुसऱ्याकडे पुष्कळ बकऱ्या. वाघाने उडी मारून बकरी खायची, बकऱ्यांनी मिळून वाघाला कोंडायचं. तमिळनाडूत ह्याचीच भावंडं आहेत. नेपाळमध्ये हा खेळ ‘बाघ चाल’ म्हणून आजही जोरात चालतो, तिथे चार वाघ आणि वीस बकऱ्या असतात.

तिसरा, खळग्यांचा पट. दोन समांतर ओळींत वाटीसारखे खळगे, दक्षिणेत बहुतेक वेळा सात-सात. त्यात चिंचोके किंवा बिया पेरत जायचं. कर्नाटकात अळगुळी मणे, तमिळमध्ये पल्लांगुळी, आणि अभ्यासक ह्या सगळ्या कुळाला मंकला म्हणतात.

इथे दोन सावधगिरीच्या गोष्टी. एक, लेणं दोन हजार वर्षांचं म्हणून त्यातला पट दोन हजार वर्षांचा होत नाही. एखाद्या गुराख्याने तो दीडशे वर्षांपूर्वी कोरलेला असू शकतो. दगडावरची रेघ स्वतःची तारीख सांगत नाही. दोन, प्रत्येक खळगा म्हणजे खेळ नव्हे. कुटण्यासाठी खळगे करतात, मांडवाचा खांब रोवायला करतात, पूजेसाठीही करतात. फोटो काढला आणि ‘सातवाहनकालीन खेळ सापडला’ असं लिहून टाकलं, असं कृपया करू नका.

मॉडेल कसं बनतं?

आता तंत्र. हे वाटतं तेवढं अवघड नाही. स्कॅनर नसला तरी चालतं, चांगला मोबाईल पुरतो.

पटाभोवती फिरत फोटो काढायचे. प्रत्येक फोटोत आधीच्या फोटोचा निम्म्याहून बराच जास्त भाग आला पाहिजे, म्हणजे सॉफ्टवेअरला तेच बिंदू पुन्हापुन्हा ओळखता येतात आणि त्यावरून ते खोली काढतं. दोन-तीन उंचींवरून फेऱ्या मारायच्या. शेजारी मोजपट्टी ठेवायची. ती नसेल तर मॉडेल सुंदर दिसेल, पण पट वीतभर आहे की हातभर हे कळणार नाही. आणि फ्लॅश मारायचा नाही. सकाळी लवकर किंवा उन्हं कलल्यावर जायचं. तिरप्या उजेडात पुसट रेघसुद्धा सावली टाकते. दुपारी बाराला तीच रेघ दिसत नाही.

काय करायचं नाही, तेही ऐका. रेघांत खडू भरायचा नाही, तेल, पाणी, रांगोळी, पावडर काही नाही. आपल्या कारखान्यात चकाकणाऱ्या भागावर स्कॅनिंगआधी पांढरा स्प्रे मारतात, तो तर दगडावर मुळीच नाही. स्मारक संरक्षित असेल तर पुरातत्त्व विभागाची परवानगी घ्यायची. देवळात असेल तर पुजारी, विश्वस्त, गावकरी, सगळ्यांना आधी विचारायचं.

एवढं केलं की मॉडेल तयार होतं. ते फिरवून बघता येतं, रेघेची खोली मोजता येते, शाळेतल्या मुलांना छापून देता येतं. आणि इथेच बहुतेक जण थांबतात. मीही थांबले होते.

खेड तालुक्यातल्या एका गावात देवळाच्या ओट्यावर मला नवकंकरीचा पट दिसला होता. कोपरे जोडलेला. मी दोन रविवार जाऊन त्याचं झकास मॉडेल केलं. ओट्यावर एक आबा बसायचे. ते माझी मोजपट्टी, स्टँड सगळं बघत होते. म्हणाले, ‘आमी लहानपणी हितंच खेळायचो.’ मी म्हटलं, ‘आबा, मला शिकवाल?’ ते म्हणाले, ‘कवाबी ये.’ निघता निघता पाठीमागून म्हणाले, ‘आन तीन खडं उरलं म्हून उडायचं न्हाई हां. त्ये पोरांचं.’ मी हसले, मान डोलावली आणि घरी आले. त्या वाक्याचा अर्थ पुढे सांगते.

खेळ म्हणजे नियम

आता नवकंकरी संगणकाला शिकवायची म्हटलं तर काय काय सांगावं लागेल? माणसाला आपण ‘असं असं खेळतात’ म्हणून भागवतो. संगणकाला भागत नाही. तो विचारतो.

खडे मांडत असतानाच तीन ओळीत आले, तर समोरचा खडा उचलायचा की नाही? उचलायचा तर त्याच्या जुळलेल्या तिघांतला उचलता येतो का? तीच ओळ मोडून पुन्हा जुळवली, तर दरवेळी बक्षीस मिळतं का? एखाद्याचे तीनच खडे उरले, तर त्याला कुठूनही कुठेही उडी मारता येते का? आणि सगळे खडे कोंडले, चाल उरली नाही, तर तो हरला की त्याची पाळी फक्त चुकली?

पाच प्रश्न, प्रत्येकाचं उत्तर हो किंवा नाही. दोनाचा पाचवा घात, बत्तीस. म्हणजे त्या एकाच दगडावर बत्तीस वेगवेगळे खेळ बसलेले आहेत, आणि माझं मायक्रॉनमधलं मॉडेल त्यातल्या एकाचाही निकाल देऊ शकत नाही.

नियमांचं मॉडेल करण्याचं मोठं काम नेदरलँड्समधल्या मास्ट्रिख्ट विद्यापीठात झालं. कॅमेरॉन ब्राऊन हे त्या प्रकल्पाचे प्रमुख, काळ २०१८ ते २०२३. त्यांनी ‘लुडी’ नावाची प्रणाली बनवली. कल्पना सोपी आहे. खेळाचे सुटे भाग पाडायचे: खेळाडू किती, पट कसला, सोंगट्या कोणत्या, सुरुवात कशी, चाल कशी, शेवट कसा. आपण गाडीचं बिल ऑफ मटेरियल करतो ना, तसंच खेळाचं. एक भाग काढून दुसरा घातला की खेळ बदलतो. जगभरातले हजाराच्या आसपास पारंपरिक खेळ असे लिहून झाले आहेत, आणि संगणक ते स्वतःशीच हजारो वेळा खेळतो.

त्यातून काय कळतं? डाव किती लांबतो, पहिली चाल करणाऱ्याला फायदा मिळतो का, किती डाव बरोबरीत सुटतात. समजा वाघ-बकरीचा एखादा पट मिळाला आणि आपण बकऱ्यांची संख्या चुकीची धरली. संगणक लगेच दाखवतो की शंभरातले जवळजवळ सगळे डाव वाघच जिंकतोय. असा खेळ कोणी पिढ्यान्‌पिढ्या खेळत बसणार नाही. म्हणजे आपलं काहीतरी चुकलंय.

चांगल्या खेळाची परीक्षा उलट बाजूनेही झाली आहे. स्वित्झर्लंडमध्ये राल्फ गॅसर यांनी १९९३ मध्ये नवकंकरीच्या प्रचलित युरोपीय नियमांचा पूर्ण छडा लावला. दोघंही अचूक खेळले तर डाव बरोबरीत सुटतो. नेपाळी बाघ चालचंही तेच निघालं. कुणी गणित न मांडता, निव्वळ खेळून खेळून, लोकांनी दोन असमान बाजू इतक्या तोलून धरल्या. मला हे वाचून फार बरं वाटलं.

पण नीट लक्षात घ्या. कोणते नियम चालण्यासारखे आहेत हे संगणक सांगतो. प्रत्यक्षात कोणते चालत होते हे तो सांगत नाही.

झीज आणि आठवण

मग पुढे जायचं कसं? दोन उदाहरणं देते.

नेदरलँड्समध्येच हेर्लन नावाचं गाव आहे. तिथल्या संग्रहालयात रोमन काळातला चुनखडीचा एक लहान दगड आहे, त्यावर काही रेघा. हा खेळ आहे का, हेच कळत नव्हतं. संशोधकांनी त्याचं त्रिमितीय मोजमाप केलं तेव्हा दिसलं की काही रेघा बाकीच्यांपेक्षा जास्त घासलेल्या आहेत, जणू तिथूनच सोंगट्या वारंवार सरकत होत्या. मग संगणकाला त्या पटावर निरनिराळ्या नियमांनी खेळायला लावलं आणि कोणत्या नियमांत त्याच रेघांवर जास्त वर्दळ होते ते तपासलं. ज्यात समोरच्याला कोंडायचं असतं, अशा प्रकारच्या खेळाशी ते जुळलं. मी हे वाचलं आणि मला माझा तो झिजलेला भाग आठवला. डाय कुठे झिजली हे आपण इथे रोज मोजतो. हेच हात, हीच यंत्रं दगडाच्या कामाला येऊ शकतात.

दुसरं उदाहरण इराकमधल्या उर शहराचं. १९२०च्या दशकात लिओनार्ड वूली यांच्या उत्खननात वीस घरांचे देखणे पट मिळाले, साधारण साडेचार हजार वर्षांपूर्वीचे. नियम माहीत नव्हते. पुढे ब्रिटिश म्युझियमच्या आयर्विंग फिंकेल यांनी इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकातली एक मातीची पाटी वाचली, त्यात ह्या खेळाबद्दल मजकूर निघाला. पण गोष्ट तिथे संपत नाही. आपल्या केरळात, कोचीच्या ज्यू घरांमध्ये, वीस घरांचाच एक पट खेळला जात होता. तिथून इस्राएलला गेलेल्या एका वयस्क निवृत्त शिक्षिकेला तो आठवत होता, लहानपणी आत्याबरोबर खेळलेला. फिंकेल तिला जाऊन भेटले. साडेचार हजार वर्षांच्या खेळाचा एक धागा एका बाईंच्या लहानपणीच्या आठवणीत निघाला.

पोथ्यांमध्येही काही सापडतं. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या बाराव्या शतकातल्या ‘मानसोल्लास’ ग्रंथात पटावरच्या खेळांची वर्णनं आहेत. औरंगाबादच्या हरिकृष्ण पंडितांनी १८७१ मध्ये ‘क्रीडाकौशल्य’ रचलं, त्यातही बैठ्या खेळांची माहिती आहे. पण पोथीत काय येतं? लिहिणाऱ्याला जे लिहिण्याजोगं वाटलं ते. ओट्यावरच्या पोरांचे आणि दुपारच्या बायकांचे नियम तिथे क्वचितच पोचले.

चिंचोके मोजावे लागतात

एक छोटा हिशोब सांगते, म्हणजे ‘नियम लिहिले की झालं’ असं वाटणार नाही. आपला चल्लस-आठ घ्या. पाच बाय पाचची चौकट, चार कवड्या किंवा उभे फोडलेले चिंचोके. चारही एका अंगावर पडले तर चार, चारही दुसऱ्या अंगावर पडले तर आठ, आणि मग पुन्हा दान.

संगणकाला आपण सहज सांगतो, चिंचोका म्हणजे नाणं, निम्मी शक्यता इकडे, निम्मी तिकडे. तसं धरलं तर चारही एकाच ठराविक अंगावर पडण्याची शक्यता शंभरात साधारण सहा. पण खरा चिंचोका एका बाजूला फुगीर, दुसऱ्या बाजूला सपाट असतो. समजा तो शंभरात साठ वेळा सपाट बाजू वर करून पडतो. मग चारही सपाट पडण्याची शक्यता शंभरात तेरा होते, आणि चारही उलटे पडण्याची जेमतेम अडीच. म्हणजे एक दान दुपटीने सोपं झालं आणि दुसरं निम्म्याहून दुर्मिळ. खेळच बदलला. म्हणून मॉडेल करणाऱ्याने खरे चिंचोके हजार वेळा टाकून मोजले पाहिजेत. चिंचवडकरांना चिंचोक्यांची काय वाण! (हशा)

आबांचं वाक्य

आता त्या गावाकडे परत येते. ‘कवाबी ये’ म्हटलं होतं. मधे नवीन मॉडेलचं लाँच आलं, ऑडिट आलं, पावसाळा गेला. मी आठ महिन्यांनी गेले. देवळाचा जीर्णोद्धार झाला होता. ओट्यावर चकचकीत ग्रॅनाइट. गावकऱ्यांनी वर्गणी काढून, श्रद्धेने केलं होतं, त्यांना दोष देण्याचा मला काही अधिकार नाही. पट फरशीखाली गेला. आणि आबा पावसाळ्यातच गेले होते.

माझ्याकडे त्या पटाचं मॉडेल आहे. जगात आता तो पट तेवढाच आहे. खेळ मात्र माझ्याकडे नाही, कारण ज्या दोन रविवारी मी रेघांची खोली मोजत होते, त्या दोन रविवारी खेळ माझ्या शेजारी बसला होता आणि मी त्याला विचारलं नाही.

हाती राहिलं ते एक वाक्य. ‘तीन खडं उरलं म्हून उडायचं न्हाई.’ घरी येऊन मी ते त्या पाच प्रश्नांसमोर ठेवलं. चौथ्या प्रश्नाचं उत्तर मिळालं: नाही. बत्तीसचे सोळा झाले. मंडळी, मी दोन रविवार आणि तीनशे फोटो खर्च केले, त्यातून बत्तीसचे एकतीससुद्धा झाले नव्हते. आबांनी जाता जाता निम्मे कमी केले.

आणि ‘त्ये पोरांचं’ ह्या शब्दांतून आणखी एक कळलं. उडण्याचा नियमही त्या गावात होता, पण लहान मुलांसाठी. म्हणजे ‘खरा नियम कोणता’ हा प्रश्नच थोडा चुकीचा आहे. एकाच ओट्यावर दोन नियम सुखाने नांदत होते. आपल्या नोंदीत दोन्ही आले पाहिजेत, कोण कोणता खेळत होतं ह्यासकट.

हे काम इथेच का?

कुणी म्हणेल, हे विद्यापीठांचं काम आहे. असेलही. पण आपल्या ह्या पट्ट्याकडे बघा. महाळुंगे, चाकण, तळवडे, भोसरी इथे एकेका खोलीत मराठवाडा, विदर्भ, खानदेश, बिहार, ओडिशाची मुलं राहतात. इमारतींमध्ये गावाकडून आलेले आई-वडील, सासू-सासरे दिवसभर बसून असतात. एवढ्या जिल्ह्यांचे खेळ एका बसच्या अंतरावर आलेले आहेत. आणि मोजमाप करणारे, मॉडेल बनवणारे, प्रोग्राम लिहिणारे लोकही इथेच आहेत.

फक्त विचारायची पद्धत बदलायला हवी. ‘आजी, ह्याचे नियम काय?’ असं विचारलं तर आजी म्हणतील, ‘नियम कसले, असंच खेळायचं.’ त्याऐवजी फरशीवर खडूने पट आखा, चिंचोके द्या आणि खेळायला बसा. शक्यतो दोन आज्यांना बसवा. चार चालींत भांडण होतं. ‘आमच्याकडं असं नाही हो!’ त्या भांडणात सगळे नियम बाहेर येतात. परवानगी घेऊन आवाज रेकॉर्ड करा. खेळाचं नाव त्यांच्याच शब्दांत लिहा, दुरुस्त करू नका. कुठल्या गावी, कोणाकडून शिकलात, खडे कशाचे घ्यायचात, कोण खेळायचं, कोणत्या दिवसांत, हे लिहा. मग संगणक.

प्रश्नोत्तरांतून

प्रश्न: मोबाईलवर हे खेळ आणले की मुलं खेळतील आणि ते टिकतील, असं नाही का?

उत्तर: काही प्रमाणात टिकतील, आणायलाच हवेत. पण ॲपमध्ये एकच नियम जातो आणि पाच वर्षांत तोच सगळ्यांना ‘मूळ’ वाटायला लागतो. आपल्या मोक्षपटाचं बघा. तो इंग्लंडला गेला, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सापशिडी म्हणून छापला गेला, आणि आता आपल्यालाही सापशिडीच आठवते. म्हणून ॲप करणाऱ्याने निदान नियम निवडायची सोय ठेवावी, आणि कोणता नियम कुठल्या गावचा ते लिहावं.

प्रश्न: मला स्कॅनिंग, प्रोग्रामिंग काही येत नाही. मी काय करू?

उत्तर: तुमच्या घरी कोण मोठं आहे? (प्रेक्षकांतून: सासूबाई, लातूरकडच्या.) मग आज घरी गेलात की जेवण झाल्यावर त्यांच्यासमोर चार चिंचोके ठेवा आणि म्हणा, ‘आई, तुमच्याकडं कसं खेळायचे?’ पुढच्या रविवारी नको, आजच. स्कॅनिंग आम्ही नंतर करू.